मूनकेक, तिसऱ्या आणि पिशवीतली बिअर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये फिरायला निघू नये, असं इथे राहणारा कुठलाही शहाणा माणूस सांगेल. १ ऑक्टोबरला राष्ट्रीय दिन, त्याला जोडून आठवडाभर सुट्टी, आणि त्या सुट्टीत सगळा देश एकाच वेळी घराबाहेर पडतो. २०२५ मध्ये शरद पौर्णिमेचा सणही त्याच आठवड्यात आला आणि सुट्टी ८ तारखेपर्यंत लांबली. आम्ही दोघं सुझोउमध्ये, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत नोकरीला. मी वेंगुर्ल्याचा, मित्र कराडचा. त्याला इथली सगळी मराठी मंडळी कराडकरच म्हणतात. कारखान्याला कुलूप लागल्यावर खोलीत डाळ-भाताचा कुकर लावत बसण्यापेक्षा गर्दी परवडली, असं ठरलं.

कराडकरच्या फोनमध्ये बाहेरदेशच्या बिअरची एक यादी आहे. बेल्जियमच्या मठांतल्या, जर्मनीच्या गव्हाच्या, असलं काय काय. पुण्यात त्यातल्या निम्म्या दिसत नाहीत, आणि दिसल्या तर किंमत बघून माणूस पाणी मागतो. माझं म्हणणं असं की जिथे जाऊ तिथली प्यावी. हा वाद आठवडाभर चालला. रेल्वेची तिकिटं इथे १५ दिवस आधी खुली होतात आणि या सुट्टीत बघता बघता संपतात. शांघाय, छिंगदाओ, बीजिंग एवढी हाताला लागली.

१ ऑक्टोबर, शांघाय

सुझोउहून शांघाय अर्ध्या तासावर. बॅगा टाकल्या आणि कराडकर मला थेट एका सुपरमार्केटच्या तळघरात घेऊन गेला. त्याची पद्धतच आहे, बारमध्ये शिरण्याआधी बाजारभाव बघायचा. जर्मन गव्हाच्या बिअरची भिंतच रचलेली होती. अर्ध्या लिटरचा कॅन सात-आठ युआनला. युआनचा भाव साडेबारा रुपये धरला तर शंभरच्या आतबाहेर. शेजारी पाच-पाच लिटरचे डबे, आपल्याकडे गोडेतेलाचे असतात तसे.

नवख्या माणसासाठी एक सांगून ठेवतो. चिनी बाटलीवर ठळक अक्षरात ८ किंवा १० अंश छापलेले असतात. आपल्याला वाटतं, बाप रे, आठ टक्के! ते दारूचं प्रमाण नसतं. आंबवण्याआधी माल्टच्या, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्याच्या, काढ्यात साखर किती होती त्याचा तो आकडा. ८ अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल तीन टक्क्यांच्या आसपास. जगात सगळ्यांत जास्त खपणारी बिअर, स्नो, इथलीच. चीनबाहेर तिचं नाव कुणी ऐकलेलं नसतं आणि प्यायल्यावर त्याचं कारण कळतं. उन्हाळ्यात तहान भागते, एवढं मात्र मान्य करायला हवं.

संध्याकाळी योंगकांग रस्त्यावर गेलो. जुन्या फ्रेंच वसाहतीतला हा छोटासा रस्ता एके काळी बारनी नुसता गजबजलेला असायचा. खाली परदेशी लोक फुटपाथवर ग्लास घेऊन उभे, वरच्या मजल्यांवर आयुष्यभर तिथेच राहिलेली म्हातारी माणसं. ती वरून पाणी ओतायची. शेवटी २०१६ मध्ये सरकारने बार बंद केले. आता कॉफीची दुकानं आहेत. मला त्या म्हाताऱ्यांचंच पटतं. कराडकरला नाही.

रात्री नदीकाठी बंडवर जायची हौस होती. नानजिंग रस्त्याच्या चौकात गणवेशातली पोरं हातात हात घालून भिंत करून उभी. सिग्नल हिरवा झाला की भिंत दारासारखी उघडते, लाल झाला की मिटते. पंढरीच्या वारीतही इतकी शिस्त नाही पाहिली. नदी दिसली ती पुढच्या माणसाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या टोपीमागून.

२ ऑक्टोबर, शांघाय

दसरा. शिवाय गांधी जयंती, म्हणजे घरी ड्राय डे. सकाळपासून फोनवर आपट्याची पानं पडत होती. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" असा निरोप कराडकरने सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला तेव्हा तो फाहुआजन रस्त्यावरच्या एका दुकानात, फ्रिजचं दार उघडून उभा होता.

हे दुकान शांघायमध्ये बिअरवाल्या मावशीचं म्हणून प्रसिद्ध आहे. गल्लीतल्या साध्या दुकानात मावशींनी बाहेरच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली आणि बघता बघता नाव झालं. पद्धत सोपी. भिंतीला लागून फ्रिजांची रांग, त्यातून हवी ती बाटली आपणच काढायची, गल्ल्यावर कोड स्कॅन करून पैसे द्यायचे, ते ओपनर आणि ग्लास देतात, जागा मिळेल तिथे टेकायचं. वेटर नाही, गाणी नाहीत, चखण्याचा आग्रह नाही. बारपेक्षा मला हे वाचनालय जास्त वाटलं. लोक खरोखरच बाटल्या हातात घेऊन मागचं वाचत उभे होते.

कराडकरने आधी रोशफोर १० काढली. बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट मठाची, ११.३ टक्क्यांची, काळपट, काकवीच्या वासाची. मग ओर्व्हाल. हिच्यात नेहमीच्या यीस्टबरोबर एक रानटी जातीचं यीस्ट असतं, ते बाटलीतही काम करत राहतं, त्यामुळे ही बिअर महिन्यागणिक बदलते. आमची बाटली बरीच मुरलेली होती. कोरडी, किंचित गोठ्याच्या वासाची. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, दुसरी मीच काढली.

नंतर जर्मनीतल्या बांबेर्गची श्लेंकेर्ला. तिचं माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. पहिला घोट घेतला आणि चुलीवर भाजलेल्या सुक्या बांगड्याची आठवण झाली. कराडकरला हे सांगितलं तर त्याने ग्लास माझ्याकडे सरकवला.

फसगत झाली ती कॅलिफोर्नियाहून आलेल्या एका आयपीएची, म्हणजे हॉप्स नावाच्या कडवट, वासाच्या फुलांवर भर असलेल्या बिअरची. सगळ्यांत महाग तीच. पाठीवरची तारीख वाचली तर नऊ महिने उलटलेले. हॉप्सचा वास म्हणजे या बिअरचा जीव, आणि तो सगळ्यांत आधी उडतो. उरला होता भिजल्या पुठ्ठ्याचा वास. जहाज, गोदाम, ट्रक असं करत आलेल्या बिअरचा हिशोब साधा आहे. मठातल्या जड बिअरला प्रवास मानवतो, धुराच्या बिअरलाही चालतो. हॉप्सच्या जोरावर उभ्या असलेल्या हलक्या बिअरला मानवत नाही. यादीतल्या निम्म्या नावांवर मी तिथेच फुली मारली. कराडकर म्हणाला, "तू फुल्या मार, पैसे मी देतोय."

३ ऑक्टोबर, छिंगदाओ

सकाळची गाडी. बसायला जागा नसलेलीही तिकिटं विकतात, त्यामुळे डब्यांच्या दारांपाशी लोक घरून आणलेल्या घडीच्या स्टुलांवर बसलेले. वाटेत काही नाही. सपाट शेतं, मका, पवनचक्क्या.

छिंगदाओला उतरलो आणि खारा वारा लागला. मी तिथेच जिंकलो.

हॉटेलातल्या पोरीने सांगितलं, यिंगकोउ रस्त्याच्या बाजारात जा. हा खराखुरा मासळीबाजार आहे. मासे जिवंत, पाण्याच्या टबांत. आपण हवं ते विकत घ्यायचं आणि बाजाराच्या कडेच्या बिअरच्या खानावळीत नेऊन द्यायचं. ते करणावळ घेतात आणि शिजवून देतात. मी तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, ढिगासमोर उभा राहिलो. इथे त्यांना गाला म्हणतात. आमच्याकडच्यांपेक्षा थोड्या मोठ्या, कवचावर नक्षी तीच. हात आपोआप पुढे गेला आणि मी दोन तिसऱ्या एकमेकींवर वाजवून पाहिल्या. मेलेली असली की बद्द वाजते. विकणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता मूठभर जास्त टाकल्या.

खानावळ म्हणजे फुटपाथवर बुटकी टेबलं, त्याहून बुटकी स्टुलं. दारात स्टीलची पिंपं, कारखान्यातून त्या दिवशी आलेली. बिअर वजनावर. मालकीणबाईंनी पातळ पारदर्शक पिशवी घेतली, नळाखाली तिरकी धरली, अर्धी भरल्यावर थांबल्या, फेस बसू दिला, पुन्हा नळ सोडला. मग पिशवी तराजूच्या आकड्याला अडकवली. काटा बघितला, थोडी आणखी सोडली, बंदांची गाठ मारली आणि गाठीशेजारी एक स्ट्रॉ खुपसला. पिशवी हातात घेतली की आधी गंमत वाटते, मग लक्षात येतं की ती खाली ठेवता येत नाही. बंदात बोट अडकवून धरायची आणि संपवायची, शिवाय हाताच्या उबेने तापायच्या आत. बाजूने आजोबा सायकलच्या हँडलला दोन पिशव्या लटकवून घरी चालले होते, आपल्याकडे दुधाच्या न्यावात तशा.

"कुठले?" बाईंनी विचारलं.

"भारतातले."

"तुमच्याकडे बिअर पिशवीत मिळते?"

आमच्याकडे पिशवीत जी मिळते ती वेगळी चीज आहे आणि तिच्यामागे पोलीस लागतात, हे चिनीत सांगण्याइतकी माझी भाषा चांगली नाही. "नाही मिळत," म्हटलं.

तिसऱ्या आल्या. सुकी लाल मिरची, आलं, लसूण, मोठ्या आचेवर परतलेल्या, तळाशी त्यांचंच सुटलेलं पाणी. खोबरं नाही, कोकम नाही, तरी बोट चाटायला लावतील अशा. कराडकर चॉपस्टिकने एकेक उपसत बसला होता. मी रिकामं शिंपलं चिमट्यासारखं धरून दुसऱ्यातलं मांस काढायला लागलो तसे शेजारच्या टेबलावरचे दोघे तिघे हसले. तेही तसंच खात होते.

आणि बिअर? गाळलेली नाही, पाश्चराइज केलेली नाही, ताज्या पावाच्या वासाची. हीच त्सिंगताओ (छिंगदाओचंच जुन्या पद्धतीने लिहिलेलं नाव) पुण्या-मुंबईत हिरव्या बाटलीत कधीमधी दिसते. बाटलीतली आणि ही एकाच कारखान्याची आहे यावर विश्वास बसत नाही. पिशवीतली एवढी स्वस्त होती की कराडकरने यादी उघडून त्यात हे नाव घालायचा प्रयत्न केला. त्याच्या अ‍ॅपमध्ये पिशवी हा प्रकारच नव्हता.

४ ऑक्टोबर, छिंगदाओ

डंगझोउ रस्ता, क्रमांक ५६. त्सिंगताओचा मूळ कारखाना, आणि त्याच आवारात २००३ मध्ये शताब्दीला उघडलेलं संग्रहालय. सुट्टीमुळे रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आलेली.

१८९८ मध्ये जर्मनीने हा किनारा चिनी बादशहाकडून पट्ट्याने घेतला. आरमार आलं, आरमारामागून तहान आली. १९०३ मध्ये हाँगकाँगमध्ये नोंदवलेल्या जर्मन-ब्रिटिश कंपनीने इथे भट्टी लावली. नाव जेर्मानिया. तीनच वर्षांत म्युनिकच्या प्रदर्शनात सुवर्णपदक. १९१४ मध्ये महायुद्ध लागलं आणि जपानने शहर घेतलं, १९१६ मध्ये कारखाना जपानच्या दाइ-निप्पॉन कंपनीने विकत घेतला. पुढे चिनी झाला. शहराचे आणि भट्टीचे मालक बदलत गेले, भट्टी मात्र कुणी पाडली नाही. जुन्या इमारतीत तांब्याच्या कढया, लाकडी पिंपं आणि १८९६ ची एक सीमेन्सची मोटर आहे. दोघेही कारखान्यातली माणसं असल्यामुळे आम्ही त्या मोटरपाशीच सगळ्यांत जास्त रेंगाळलो. सव्वाशे वर्षांपूर्वीचं बेअरिंग हाउसिंग बघून कराडकर म्हणाला, "आपल्या सप्लायरला दाखवायला पाहिजे."

तिकिटात न गाळलेल्या बिअरचा एक ग्लास आणि शेंगदाण्यांची पुडी येते. एक तिरकी बांधलेली खोलीही आहे, तिच्यात शिरलं की न पिता झिंगल्यासारखं होतं. पोरं पाच-पाच वेळा जात होती. आजच्या नेहमीच्या त्सिंगताओत माल्टबरोबर तांदूळ असतो, लेबलवर स्पष्ट लिहिलेलं आहे. जर्मन शुद्धतेचे भक्त यावरून नाक मुरडतात. तांदळाने बिअर हलकी होते आणि मसालेदार मासळीला हलकीच लागते. भात खाणाऱ्या माणसाने यात तक्रार करायची नाही.

दुपारी झानछ्याओचा धक्का पाहिला. बाटलीवरच्या चित्रातला मंडप त्याच्याच टोकाला आहे. संध्याकाळी कुठे गेलो ते सांगायला नको. बाईंनी पिशव्या आधीच काढल्या.

५ ऑक्टोबर, बीजिंग

प्रवासातच अर्धा दिवस गेला. दुपारी शिनजियांगी मटणाच्या सळ्या, वरून जिरं आणि तिखट, आणि त्याबरोबर वुसू. ६२० मिलीची लाल लेबलची बाटली, नेहमीच्या चिनी बिअरपेक्षा चांगलीच खमकी. इथली पोरं तिला जीवघेणी वुसू म्हणतात. जीव जात नाही, पण दुपारची झोप लागते. इतकी अस्सल शिनजियांगी म्हणून मिरवणारी ही बिअर आता कार्ल्सबर्गच्या मालकीची आहे.

एक सवय इथे लावून घ्यावी लागते. बिअर मागितली की पहिला प्रश्न येतो, थंड की साधी? साधी म्हणजे खोलीच्या तापमानाची, आणि बरेच वडीलधारे तीच घेतात. थंड प्यायल्याने पोट बिघडतं अशी पक्की समजूत. "बिंग द", म्हणजे थंड, एवढे दोन शब्द पाठ असले की निभावतं.

रात्री ग्रेट लीप. बीजिंगमधल्या नव्या, छोट्या भट्ट्यांची गोष्ट सांगायची तर हिच्यापासून सुरुवात करावी लागते. २०१० मध्ये एका हुतोंगमधल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, चौसोपी घरात सुरू झाली. यांनी बाहेरच्या रेसिपी आणून तशाच काढल्या नाहीत, इथल्या वाणसामानाच्या दुकानात जे मिळतं ते बिअरमध्ये घातलं. त्यातली हनी मा गोल्ड मी मागवली. मध आणि सिचुआनची मिरी, हुआज्याओ.

रंग सोनेरी, वरून काही कळत नाही. आधी मधाचा वास, गोडवा फारसा नाही. गिळल्यावर दोन क्षणांनी जिभेच्या कडांना ओळखीची झिणझिण सुरू झाली. मी ग्लास खाली ठेवला आणि कराडकरला म्हटलं, "अरे, यात तिरफळ आहे!"

घाटावरच्या माणसाला काय कळणार. बांगड्याच्या तिखल्यात, उडीद-मेथीत तिरफळ नसेल तर आमच्याकडे आजही ताट सरकवलं जातं. बिया काढायच्या, टरफलं जराशी ठेचायची आणि शेवटी घालायची, नाहीतर कडवट होतात. हुआज्याओ आणि तिरफळ एकाच वनस्पती-वंशातली, त्याचं शास्त्रीय नाव झँथोझायलम. आपलं दाणं मोठं आणि वासाला जरा रानवट, यांचं बारीक, लिंबाच्या अंगाने जाणारं. पण जिभेला मुंग्या आणण्याची करामत तीच. बिअरमध्ये त्यांनी हात आखडता ठेवलाय ते बरं केलंय. झिणझिण येते, थांबते, आणि पुढच्या घोटाला जागा करून जाते. मी दुसरा ग्लास मागवला, तिसरा कराडकरने. ४०-५० युआनला एक ग्लास, म्हणजे मटणाच्या दुकानातल्या वुसूपेक्षा कितीतरी महाग. तरी आठवडाभरात बाटलीतल्या कुठल्याही परदेशी नावाने मला असं जागेवर बसवलं नव्हतं. परदेशी बिअर चाखायला निघालो होतो आणि तिरफळापाशी येऊन पोचलो.

६ ऑक्टोबर, बीजिंग

कोजागिरी. इथला शरद पौर्णिमेचा सणही आजच, चंद्र एकच. दुकानादुकानांत मूनकेकचे डबे. आत कमळाच्या बियांचं सारण आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, म्हणजे चंद्र. मला आवडत नाही. जड होतो, आणि दुसरा तुकडा नाकारणं अशक्य असतं.

दुपारी हुगुओसी गल्लीतल्या एनबिअरमध्ये गेलो. फ्रिज भरून बाहेरच्या बाटल्या, शिवाय नळांची लांब रांग. कराडकरची यादी इथे पुष्कळ मार्गी लागली. मग जिंग-ए. ही भट्टी २०१२ ची. इथे एअरपॉकलिप्स नावाची दुप्पट हॉप्सची आयपीए होती, आणि बीजिंगच्या धुरकट हिवाळ्यांत तिच्या किमतीचा खेळ प्रसिद्ध झाला होता. हवा जितकी वाईट तितकी सवलत जास्त. कराडकर म्हणाला, "दिल्लीत ही स्कीम काढली तर दिवाळीपर्यंत मालकाचं दिवाळं."

रात्री त्याला मसाला दुधाची आठवण अनावर झाली. केशर, चारोळ्या, आटीव दूध, आईच्या हातचं, सगळं. बीजिंगमध्ये रात्री दहा वाजता आटीव दूध कुठून आणू? गल्लीतल्या एका छोट्या बारमध्ये नळावर मिल्क स्टाउट दिसली. हिच्यात दुधातली साखर घालतात. ती यीस्टला पचत नाही, त्यामुळे गोडी ग्लासात तशीच उरते. काळी, साईसारखी दाट. "दूध आहे ना? मग झालं," म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र ढगांत जाऊन येऊन होता.

शेजारच्या टेबलावर तीन पिढ्यांचं कुटुंब. आजोबांनी मूनकेक पुढे केला, नाइलाज होता. मग त्यांनी ग्लास उचलला. इथे मान द्यायचा तर आपला ग्लास समोरच्याच्या ग्लासापेक्षा खाली ठेवून टेकवायचा. कराडकरने आपला खाली नेला. आजोबांना पाहुण्याचा मान राखायचा होता, त्यांनी त्याहून खाली नेला. कराडकरने आणखी खाली. शेवटी दोघांचे ग्लास टेबलाला टेकले आणि कराडकर जवळजवळ गुडघ्यावर. सुनेने हसत हसत दोघांच्या मनगटांना धरून ग्लास वर आणले तेव्हा कुठे किणकिणाट झाला. स्टाउट पाहून आजोबांनी विचारलं, हे काय, औषध?

७ ऑक्टोबर, परत

एक दिवस हाताशी ठेवूनच निघालो, ८ तारखेची तिकिटं मिळालीच नसती. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर, जलद गाडी साडेचार तासांच्या आसपास पोचवते. आम्हाला सुझोउ उत्तरला उतरायचं होतं. कराडकरच्या पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि बाटल्या जास्त, सगळ्या मोज्यांत गुंडाळलेल्या. माझ्याकडे हुआज्याओची पाव किलोची पुडी. नानजिंग शहर जवळ आलं तशी तिच्या वासावरून शेजारच्या बाईने जेवणाचा विषय काढला, आणि सुझोउ येईपर्यंत तो संपला नाही.

कराडकरने आता हार्बिन काढलंय. तिथली भट्टी १९०० ची, रशियन काळातली, छिंगदाओच्याही आधीची. जानेवारीत बर्फाचा उत्सव असतो आणि पारा शून्याखाली वीसच्या पुढे जातो. मी विचारलं, एवढ्या थंडीत बिअर प्यायची कशी? म्हणाला, साधी मागवू, बाहेर ठेवली की आपोआप थंड. पण बाटली फुटेल त्याचं काय, यावर आमचं अजून चाललंय.